हरेशची रविवारची हजेरी

हरेश पाचवीत माझ्या वर्गात आला तेव्हा त्याच्या दप्तरात नेहमी एक जास्तीची पेन्सिल असायची. कुणाची हरवली की तो आपली काढून द्यायचा, आणि कुणाला दिली ते वहीच्या शेवटच्या पानावर तारखेसकट लिहून ठेवायचा. परत मागायला मात्र कधी गेला नाही. मी एकदा विचारलं, "मागायची नाही तर लिहितोस कशाला?" तर म्हणाला, "म्हायत पायजे ना बाई, कोनाकडे हाय ते."

आता तो अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे. बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात जुन्या कागदपत्रांच्या खोलीत कारकून आहे. जुईनगर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आमचं गावठाण. तिथे वडिलांच्या बैठ्या घराच्या जागी दोघा भावांनी तळमजला आणि वर तीन मजले अशी इमारत उभी केली. तळमजल्यावर हरेश, त्याची बायको आणि आई गोजरा. पहिल्या मजल्यावर धाकटा भाऊ धनेश. वरचे दोन मजले भाड्याने दिलेले. माझं घर समोर. मधली गल्ली इतकी अरुंद की त्यांच्या जिन्यातलं बोलणं मला माझ्या खिडकीत ऐकू येतं. मी ऐकते हे त्यांनाही ठाऊक आहे.

त्या जिन्याखाली, मीटरच्या शेजारी, एका लाकडी कपाटात हरेशचा सर्व्हर आहे. भंगारात निघालेला कार्यालयाचा कॉम्प्युटर त्याने आणला, ब्रशने साफ केला, आणि तीन महिने रोज संध्याकाळी पुस्तकं आणि व्हिडिओ बघत त्याला कामाला लावला. इमारतीत येणारं इंटरनेट आधी त्या कपाटात येतं आणि तिथून प्रत्येक खोलीत जातं. जिन्यातल्या आणि गल्लीतल्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरणही त्यातच साठतं. गल्लीवरून एक वायर माझ्या खिडकीतही येते. ती जोडताना मला समजावं म्हणून तो म्हणाला होता, "हा आपला टोलनाका हाय बाई. आत येनारा, बाहेर जानारा, सगला ह्याच्यातून."

दर रविवारी सकाळी दहाला तो त्या यंत्राकडून हजेरी घ्यायचा. हजेरी हा त्याचाच शब्द. इमारतीतल्या प्रत्येक फोनला, कॉम्प्युटरला, टीव्हीला एक क्रमांक असतो, तो त्याचा पत्ता. यंत्र एक नंबरपासून सुरू करून प्रत्येक पत्त्यावर जाऊन "कोण आहे?" असं विचारायचं. उत्तर आलं की त्याचं नाव हरेशच्या लॅपटॉपवर उमटायचं. नावं त्यानेच ठेवलेली: तळ-आई, पहिला-धनेश, दुसरा-टीव्ही. माझ्या टॅबचं नाव समोर-बाई. ही हजेरी हौसेची नव्हती. दोन वर्षांपूर्वी कुणी परक्याने गल्लीत उभं राहून त्याचं वायफाय वापरलं आणि कुणाला तरी फसवलं. हरेशला चौकीवर बोलावलं गेलं. तिथल्या साहेबांना त्याने शब्द दिला की यापुढे माझ्या लाइनवर कोण कोण आहे याची यादी दर आठवड्याला माझ्याकडे असेल. तेव्हापासून त्याने ती कधी चुकवली नव्हती.

डिसेंबरात त्याच्या मुलीचं, संध्याचं लग्न झालं. आमच्याकडे हळदीला अख्खा गाव येतो, आणि सोयरे उरण-पनवेलपासून येतात. त्या संध्याकाळी गल्लीत मांडव, जेवणाच्या पंगती, बेंजो, आणि शेकडो पाहुण्यांचे फोन. थोड्या वेळाने वायफाय मिळेनासं झालं. हरेशने अडीचशे पत्त्यांची सोय केली होती, ते संपले. त्याचा एक मावसभाऊ सगळ्यांदेखत ओरडला, "चार माल्यांचा घर बांधलास रं हरेश, न पावन्याला वायफाय देयाला हात आखडता?" लोक हसले. हरेशला ते लागलं. अंगाला हळद, नवा सदरा, त्या अवस्थेत तो जिन्याखाली गेला आणि दोन मिनिटांत परत आला. सगळ्यांचे फोन चालू झाले. "आता पूरा रायगड जिल्हा आला तरी पुरंल," तो म्हणाला. मांडवात ते कुणी फारसं ऐकलं नाही, आणि पुढे त्याच्याही ध्यानात राहिलं नाही.

लग्नाच्या गडबडीत तीन-चार रविवार हजेरी राहिली. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी त्याने ती पुन्हा सुरू केली आणि यंत्र गोठलं. नावं नेहमीसारखी उमटत गेली, तिसऱ्या मजल्यापर्यंत आली आणि थांबली. चार-पाच मिनिटांत इमारतीतलं सगळं इंटरनेट बंद. कॅमेरे बंद. लॅपटॉपवर शेवटचं नाव तसंच. हरेशने दहा मिनिटं वाट बघून यंत्राचा प्लग काढला आणि परत लावला. सगळं चालू झालं. पुढच्या रविवारी तेच. त्याने वाशीहून नवा पंखा आणून बसवला, मेमरी बदलली, वायरी बदलल्या. एरवी आठवडाभर यंत्र उत्तम चालायचं. हजेरी घेतली की मरायचं.

आणि दर वेळी यादीतलं शेवटचं नाव एकच: तिसरा-शायमा.

तिसऱ्या मजल्यावर अय्युब, त्याची बायको करिमुन्निसा आणि मुलगी शायमा राहत. मूळचे श्रीवर्धनकडचे. अय्युब द्रोणागिरीच्या एका गोदामात सुपरवायझर. करिमुन्निसा ब्लाउज शिवायची. माझेही तिनेच शिवले, आणि बाह्या कुठे दाटतात हे तिला मी न सांगता कळलं. शायमा तेवीस वर्षांची. परदेशातले डॉक्टर रोग्यांविषयी जे बोलून ठेवतात ते ऐकून टाइप करायचं तिचं काम. कानाला हेडफोन लावून दिवसाचे आठ तास ती खिडकीशी बसायची. रविवारीसुद्धा दुपारपर्यंत काम असायचं. लाइन गेली की हातातली फाइल जायची. तीन वर्षं ते तिथे राहत होते. तिसऱ्या मजल्यावरून कधी मोठ्याने बोललेला शब्द मी ऐकला नाही.

धनेशला मात्र उत्तर लगेच सापडलं. तो बांधकामाची कंत्राटं घेतो आणि कुठल्याही गोष्टीचा निकाल उभ्या उभ्या लावतो. "लास्ट नाव कोनाचा हाय?" त्याने जिन्यात विचारलं.

"शायमाचा," हरेश म्हणाला.

"दर टायमाला?"

"दर टायमाला."

"मंग अजून काय बघतोस? दिवसभर कॉम्प्युटर चालू. परदेशात काय पाठवतात, काय नाय, आपल्याला काय म्हायत? तीच आडवते मशीनला."

"असा नसतो रं धनेश."

"कसा असतो मंग? सांग ना."

हरेशला सांगता आलं नाही. इथून पुढची त्याची अडचण मला नीट माहीत आहे, कारण शाळेतही ती तशीच होती. गणित सुटलं नाही की तो तासन्‌तास बसायचा, पण शेजारचा एखादा मुलगा ठासून उत्तर म्हणाला की तो स्वतःच्या वहीतली पायरी खोडायचा.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी त्याने शायमाला तिचा कॉम्प्युटर बंद ठेवायला सांगितला. ती स्वतःच खाली आली आणि लॅपटॉपसमोर हरेश, धनेश यांच्या मागे उभी राहिली. नावं उमटत गेली. तळमजला, पहिला, दुसरा, समोर-बाई, मग तिसरा-अय्युब, तिसरा-करिमा. शायमाचं नाव आलं नाही, आणि यंत्रही गोठलं नाही. अजून तरी नाही. धनेशला साइटवर जायचं होतं. त्याने हात पुढे करून हजेरी थांबवली. "झाला ना? चालला ना? भेटला आन्सर."

"काका, थांबवलं का?" शायमा म्हणाली. "जरा पुढे जाऊ द्यायचं होतं."

"पुढे काय?" हरेश म्हणाला.

"माझ्यानंतर कोणाचं नाव येतं?"

"कोनाचा नाय. तूच शेवटची."

"मग माझं नाव आलं म्हणजे माझं झालं ना काका? मी उत्तर दिलं. त्याच्यानंतर ते काय करत असतं, ते बघायला पाहिजे."

धनेश हसला. "बघ, आता आपल्याच मशीनवर आपल्याला ट्यूशन. ए बाय, तू वर जाऊन तुझा टायपिंग कर."

शायमा वर गेली. मी खिडकीत होते. तिचा प्रश्न मला बरोबर वाटला होता, का बरोबर ते मात्र कळलं नव्हतं. त्यामुळे मी काही बोलले नाही. कळत नव्हतं तरी "पोरगी काय म्हणते ते ऐका" एवढं म्हणता आलं असतं.

पुढच्या रविवारी शायमाने परत कॉम्प्युटर बंद ठेवला. या वेळी हजेरी कुणी थांबवली नाही आणि यंत्र गोठलं. शेवटचं नाव तिसरा-करिमा. माझ्या मते तिथेच सगळं बदलायला हवं होतं. पण धनेश म्हणाला, "बंद केला म्हनते. वर जाऊन कोनी बघितला? न परत तिसराच माला हाय की नाय?" आणि त्याच सकाळी, कॅमेरे बंद असताना, इमारतीच्या पाण्याच्या पंपाची तांब्याची वायर कुणीतरी कापून नेली. पूर्ण दिवस वर पाणी चढलं नाही. दुसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू नंदकिशोर बादल्या घेऊन जिना चढता-उतरता पुटपुटत होता. संध्याकाळपर्यंत जिन्यात दोन गोष्टींची एक गोष्ट झाली होती. तिसऱ्या माळ्यामुळे मशीन बंद, मशीन बंद म्हणून कॅमेरे बंद, कॅमेरे बंद म्हणून चोरी. आणखी चार दिवसांनी मधल्या दोन पायऱ्याही गळून गेल्या, आणि तिसऱ्या माळ्यामुळे चोरी एवढंच उरलं.

अय्युबच्या खोलीचा अकरा महिन्यांचा करार मार्चअखेर संपत होता. दर वर्षी तो न बोलता वाढवला जायचा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात हरेश वर गेला. काय झालं ते त्यानेच मला नंतर सांगितलं. करिमुन्निसाने चहा ठेवला. करार वाढवणार नाही हे त्याने चहा पिऊन झाल्यावर सांगितलं, कारण आधी सांगितलं असतं तर चहा घ्यायला तोंड राहिलं नसतं.

अय्युबने सगळं ऐकून घेतलं. "हरेशभाऊ," तो म्हणाला, "मशीन बंद पडलं की सर्वांत जास्त नुकसान आमचं होतं. शायमाला कंपनीने दोनदा ताकीद दिली आहे. आम्ही आपल्याच पायावर दगड कशाला मारून घेऊ?"

हरेश म्हणाला, "तसा नाय अय्युबभाई. पन बाकीचे भाडेकरू बोलतात. मना सगल्यांचा बघाया लागतो."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मी काय बोललो नाय बाई," हरेश मला म्हणाला. "खाली बघितला."

मग अय्युबचं घर शोधणं सुरू झालं. तो शनिवारी-रविवारी जुईनगर, नेरूळ, सानपाडा पालथं घालायचा. फोनवर खोली रिकामी असायची. प्रत्यक्ष गेल्यावर नाव विचारलं जायचं, आणि खोली कालच दिली गेलेली असायची. हे सांगताना करिमुन्निसाच्या आवाजात तक्रार नव्हती. ती माझ्या ब्लाउजच्या हुका लावत होती आणि हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलत होती. शेवटी गोदामातल्या ओळखीने त्यांना द्रोणागिरीला एका नव्या इमारतीत खोली मिळाली. अय्युबला कामाला जवळ. पण तिथे चांगली लाइन अजून पोचली नव्हती.

सामान गेलं त्या दिवशी गोजरा गेटाशी बसली होती. तिची ऐंशी उलटली आहे. तिने सोड्यांची, सुकवलेल्या कोळंबीची, पिशवी करिमुन्निसाच्या हातात दिली. टेम्पो गेल्यावर हरेशला सगळ्या गल्लीला ऐकू येईल असं म्हणाली, "मशीन तुजा बिगारला, न घरातशी मानसा काढलीस. तिनी माझे नातीचे हातान मेंदी काढली व्हती रं."

"आये, तुला नाय कलत त्यातला," धनेश वरून म्हणाला.

"मना नाय कलत. तुमाला तरी कुठं कलतंय?"

एप्रिलच्या पहिल्या रविवारी दहा वाजता हरेशने हजेरी घेतली. तिसरा मजला रिकामा होता. मी टॅबवर बातम्या वाचत होते. त्या मध्येच थांबल्या. पाच मिनिटांनी हरेश लॅपटॉप तसाच उघडा घेऊन माझ्या दारात आला. त्याने तो माझ्या टेबलावर ठेवला. यादी थांबली होती. शेवटचं नाव समोर-बाई.

तो खुर्चीवर बसला. मग म्हणाला, "धनेशला बोलवू काय बाई? म्हनंल, आता बाईंना बाहेर काढा."

त्या चेष्टेला आम्ही दोघंही हसलो नाही.

त्याच्या यंत्राला स्वतःचा पडदा नव्हता. तो जे बघायचा ते लॅपटॉपवर, त्याच वायरींमधून येणारं. वायरी गोठल्या की लॅपटॉपवर शेवटी आलेलं चित्र तसंच राहायचं. पुढे यंत्र काय म्हणतंय ते त्याला कधी दिसलंच नव्हतं. त्या दिवशी त्याने घरातला जुना टीव्ही जिन्याखाली नेला, थेट यंत्राला जोडला, हजेरी परत सुरू केली आणि पायरीवर बसला. बायकोने जेवायला हाक मारली तरी उठला नाही. नावं संपली. टीव्हीवर चार-पाच मिनिटं काहीच नाही. मग इंग्रजीत एक ओळ आली, तिच्याखाली तीच ओळ, परत तीच, पडदा भरून जाईपर्यंत. पत्त्यांची यादी भरली आहे, नवीन नोंद घेता येत नाही.

तेव्हा त्याला हळद आठवली.

मला त्याने कागदावर आकडे काढून समजावलं, आणि मी ते माझ्या शब्दांत सांगते. पूर्वी त्याच्या जाळ्यात अडीचशे पत्ते होते. त्या संध्याकाळी पाहुण्यांना कमी पडू नये म्हणून त्याने एक आकडा बदलला आणि ते पासष्ट हजारांच्या वर गेले. पाहुणे निघून गेले, आकडा राहिला. राहणाऱ्यांचे फोन, कॉम्प्युटर, टीव्ही सगळे मिळून त्रेचाळीस. हजेरी घेताना यंत्र त्या त्रेचाळिसांची उत्तरं घ्यायचं आणि पुढे चालू लागायचं. चव्वेचाळीस, पंचेचाळीस, सेहेचाळीस. प्रत्येक रिकाम्या पत्त्यावर थांबायचं, उत्तराची वाट बघायची, आणि वाट बघतोय म्हणून तो पत्ता आपल्या यादीत लिहून ठेवायचं. यादीत जागा होती एक हजार चोवीस नोंदींची. ती भरली की त्याला खरी माणसंसुद्धा लिहिता यायची नाहीत, आणि सगळ्यांचंच बंद पडायचं. शेवटचं नाव शायमाचं यायचं, कारण तिचा क्रमांक शेवटचा होता. तिच्यानंतर कुणी राहत नव्हतं.

"तिनी हाच विचारला व्हता," हरेश म्हणाला. "माझ्यानंतर कोन? जिन्यात उभी राहून विचारला. मी बोललो, कोन नाय."

त्याने आकडा पूर्ववत केला. हजेरी मिनिटभरात पूर्ण झाली. डिसेंबरनंतर पहिल्यांदाच यादीखाली "समाप्त" असं उमटलं. त्याने लॅपटॉप माझ्यासमोर बंद केला.

धनेशला त्याने त्याच दुपारी सांगितलं. धनेश वाईट माणूस नाही. त्याने हातातला फोन खिशात ठेवला. मग म्हणाला, "ठीक हाय, चूक झाली. आता चालू झाला ना? खोलीसाठी माझ्याकडे दोन पार्ट्या हायेत."

"खोली कोनाला देयाची नाय."

"किती दिवस?"

"मी द्रोणागिरीला जाऊन येतो. तवर."

पुढच्या रविवारी तो मला न्यायला आला. "बाई, तुमी चला. एकट्याला तोंड दाखवाया जमनार नाय." आम्ही बसने गेलो. कंटेनरच्या रांगा संपल्यावर नव्या इमारतींचा एक पट्टा लागतो. रस्ते मोठे आणि माणसं कमी. अय्युबचं घर सहाव्या मजल्यावर होतं. सामानातली दोन खोकी अजून दोरीने बांधलेलीच होती. करिमुन्निसाने मला बघून आधी खुर्ची पुसली. शायमा आतल्या खोलीतून आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

हरेशने सगळं सांगितलं. आकड्यांसकट, हळदीसकट. मावसभावाचा टोमणाही सांगितला. स्वतःला सोडवायला काही मधे घातलं नाही. वर्गात उभं राहून चूक कबूल करणाऱ्या मुलाच्या हातांना जे होतं ते त्याच्या हातांना होत होतं. ते कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

सगळं ऐकल्यावर शायमाने एकच विचारलं. "किती नंबरवर थांबायचं?"

"एक हजार चोवीस."

"म्हणजे अजून चार-पाच मिनिटं. त्या दिवशी धनेशकाकांनी तेवढं चालू दिलं असतं तर तेव्हाच कळलं असतं." ती हे रागाने म्हणाली नाही. उत्तर तपासून बघावं तशी म्हणाली. मग, "माझं काम गेलं काका. दोन ताकिदी तिथल्या रविवारांच्या. तिसरी इथे सामान हलवताना," असं सांगून आत गेली.

हरेश अय्युबला म्हणाला, "खोली रिकामी ठेवलीय. कोनाला दिली नाय. तुमी या परत. मी स्वतः टेम्पो घेऊन येतो."

अय्युबने बायकोकडे बघितलं. करिमुन्निसाने मान हलवली नाही, पण तो समजला. "नाही हरेशभाऊ," तो म्हणाला. "खोली चांगली होती. आजी होती, बाई होत्या. पण वर जायला तुमचा एकच जिना. माझ्या मुलीला रोज प्रत्येक दारासमोरून जायचं. प्रत्येक दारात तिच्याविषयी बोललं गेलं आहे."

"मी सांगंन सगल्यांना."

"ते मात्र सांगा." अय्युब पहिल्यांदाच थोडा पुढे सरकून बसला. "ते सांगाच. शायमाने बेलापूरच्या एका कंपनीत अर्ज केला आहे. निवड झाली आहे. पण त्यांचा माणूस आधीच्या पत्त्यावर चौकशीला जातो. तीन वर्षं आम्ही कुठे राहिलो? तुमच्याकडे. तो जिन्यात ज्याला विचारेल, तो काय सांगेल? मशीन बंद पाडायचे. वायर चोरीला गेली. इथल्या एजंटाने तुमच्या भावाला फोन केला होता, तेव्हा हेच सांगितलं गेलं. ओळखीचा माणूस मधे होता म्हणून खोली मिळाली. कंपनीत मधे कोण आहे?"

हरेशला हे माहीत नव्हतं. तो माझ्याकडे वळला, आणि मी काही मदत करू शकत नाही हे कळल्यावर परत अय्युबकडे. "कधी येनार तो मानूस?"

"या पंधरवड्यात."

परतीच्या बसमध्ये हरेश तिकिटाच्या मागे काहीतरी लिहीत होता. घरी गेल्यावर त्याने कागद घेतला. मला वाचायला आणला तेव्हा त्यात खाडाखोड फार होती. सरकारी कार्यालयातल्या माणसाला "सदर प्रकरणी" लिहायची सवय असते. ते सगळं त्याने स्वतःच खोडलं होतं. मी फक्त दोन वेलांट्या सुधारल्या.

पुढच्या रविवारी दहा वाजता, हजेरीच्या वेळी, त्याने सगळ्या भाडेकरूंना जिन्यात बोलावलं. मी गल्ली ओलांडून गेटाशी गोजराजवळ उभी राहिले. धनेश त्याच्या दारात आला. हरेशने कागद काढल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, "दादा, ग्रूपवर टाक ना. अशी घराची लाज जिन्यात कशाला काढतोस?"

"जिन्यातच बोलला गेलाय ना सगला," हरेश म्हणाला आणि वाचायला लागला.

"जानेवारीपासून इंटरनेट आणि कॅमेरे बंद पडत होते. त्याचं कारण मी डिसेंबरात सर्व्हरमध्ये केलेला बदल हे होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या कुणाचाही त्याच्याशी संबंध नव्हता. शायमाने मला कारण शोधायची वाट दाखवली होती. मी ऐकलं नाही. अय्युबभाईंचा करार मी वाढवला नाही, ती माझी चूक होती. त्यांची चौकशी करायला कुणी आलं तर हे सांगावं, किंवा माझ्याकडे पाठवावं."

खाली सही, तारीख, आणि त्याचा फोन नंबर. तो कागद त्याने मीटरच्या वर चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून चिकटवला.

धनेश आत गेला, पण त्याने दार लावलं नाही. मग दुसऱ्या मजल्यावरचा नंदकिशोर, ज्याने बादल्या वाहिल्या होत्या, कठड्यावरून वाकून म्हणाला, "ते ठीक आहे हरेशदादा. मशीनचं समजलं. पण मग वायर कोणी नेली?"

"म्हायत नाय," हरेश म्हणाला.

"नाही, म्हणजे कोणीतरी नेली ना?"

"नेली. कोनी ते म्हायत नाय." त्याने वर बघितलं, एकेका चेहऱ्याकडे. "आज म्हायत नाय, न तवाबी म्हायत नव्हता. मला नाय, तुमाला नाय. तो मानूस आला, न त्यानी विचारला, तर हाच सांगा."